वरचा डावा कोपरा

लग्नाच्या मांडवात नवरदेव नवरीकडे बघतो, निदान चोरून तरी बघतो. आमचे टेकचंद भाऊजी ट्यूबलाइटकडे बघत होते.

माझ्या थोरल्या बहिणीचं, पुस्तकलाताईचं, लग्न गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच उन्हाळ्यातलं. गोरज मुहूर्त. ताई हार घेऊन उभी, मंगलाष्टकं संपायला आलेली, आणि मांडवाच्या खांबावरची एक ट्यूब सारखी फडफडत होती. भाऊजींनी हातातली कट्यार शेजारच्या माणसाकडे दिली, बाशिंग सांभाळत खुर्चीवर चढले आणि ट्यूब पाव फेरा फिरवली. फडफड थांबली. मग खाली उतरून त्यांनी मान पुढे केली आणि म्हणाले, "आता घाला."

आमच्या बाबांनी कपाळाला हात लावला. ताई तेवढी हसली. पुढे दहा वर्षं ती हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "यायले बायको नोती पायजे. ट्यूबचा चोक पायजे होता."

भाऊजींचं गोंदियात बाजाराच्या गल्लीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक शटर आणि उघडून ठेवलेल्या यंत्रांचा ढीग. गाव बोदलकशाच्या तलावाकडचं. दोन बांध्या धानाच्या, म्हणजे बांधानं वेढलेले भाताचे दोन तुकडे, त्याही कालव्याच्या शेवटच्या टोकाला. बुटके, सावळे, बुशकोटाच्या खिशात कायम टेस्टर. बोलणं मोजकं. आणि एक विचित्र खोड: कुणाच्याही घरी गेले की आधी दिवा बघायचे. पाणी आणून दिलं तरी नजर छताला. "उजेड पडला पायजे, सांडला नाई पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरचा दिवा त्यांच्या मते सांडत होता. त्यांनी त्याची जागा तीनदा बदलली, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "जवाईबापू, आता मलेच उचलून त्या दिव्याखाली ठेवा."

मी तिरोड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भाऊजींना त्याचं फार कौतुक. मी बी.एस्सी., ते दहावी नापास. त्यामुळे कुठलाही शोध लावला की ते तो माझ्यापुढे आणून ठेवत आणि परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे उभे राहत. मीही मान हलवून पास करून टाकायचो. वर्गातही माझी तीच पद्धत आहे. नापास करायला अभ्यास लागतो.

मग पांढरे एलईडी बाजारात आले. आधी चिनी टॉर्चमध्ये, मग सुटे, पुडीत बांधलेले. भाऊजींनी पहिला पेटवून बघितला तेव्हा ताई सांगते तसं "देवाले पायते तसं" बघत राहिले. त्याच सुमारास त्यांनी कुठल्याशा पाट्या रंगवणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकच्या जाड काचेचा तुकडा आणला, त्याच्या खालच्या कडेला एलईडी लावले आणि मला बोलावून घेतलं.

"साळेबुवा, पाहा. उजेड काचीत शिरला. आन गायब."

खरंच. खालच्या कडेतून शिरलेला उजेड सरळ वरच्या कडेला निघत होता. मधली काच काळीच. मी घसा साफ करून म्हटलं, "याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. आतल्या आत आपटत पुढे जातो. बाहेर पडत नाही."

"मंग बाहेर कसा काढाचा?"

हे पुस्तकात नव्हतं. मी चहा मागितला.

उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. सोल्डरिंगच्या टोकाला सुई बांधली आणि तापलेल्या सुईनं काचेच्या मागच्या बाजूला एक ठिपका पाडला. त्या ठिपक्यातून उजेड बाहेर पडला. एखाद्या चांदणीएवढा. मग दुसरा, तिसरा. जिथे काचेला खाच, तिथे उजेड बाहेर. त्यानंतर पंधरा दिवस ते ठिपकेच पाडत होते. दोरा ताणून, पट्टी ठेवून, ओळीत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. आमच्याकडचा माणूस दुसरं काय करणार? लहानपणापासून चिखलात वाकून रोवणी केलेली. रोपं समान अंतरावर लावली की पीक समान येतं, हे आमच्या हाडात भिनलेलं. ताई शटरशी उभी राहून बघायची आणि म्हणायची, "बाबू, तुया भाऊजीनं काचीत धान लावला. आता कापाले मजूर पाहा."

त्या काचेचा उपयोग सुचला तो गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांमुळे. म्हातारे, हिंदी बोलणारे, भले गृहस्थ. एक्स-रे बघायची त्यांची पेटी ट्यूबलाइटवर चालायची, आणि त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. वीज गेली की डॉक्टर फिल्म घेऊन खिडकीशी जायचे. भाऊजी म्हणाले, माझी काच बॅटरीवर चालते.

पेटी तयार झाली त्या दिवशी मी दुकानात होतो. भाऊजींनी शटर अर्धं खाली ओढलं आणि बटण दाबलं. दुधासारखी पांढरी काच उजळली. खाली, एलईडींच्या जवळ, लख्ख. वर जाता जाता जरा मंद होत गेलेली. वरच्या कोपऱ्यांत राखाडी म्हणावी अशी.

"वर कमी नाई वाटत, साळेबुवा?"

मला तिरोड्याची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, "डोळ्यांना सवय होते, भाऊजी. फर्स्ट क्लास आहे."

"तुमी म्हनता तं मंग झालं," ते म्हणाले. आणि पेटी डॉक्टरांच्या भिंतीवर लागली. डॉक्टरही खूश. पेशंट एक्स-रे बघायला आत जात तेव्हा भाऊजी कधीमधी दारातून डोकावत. फिल्म नव्हे, पेटी बघायला.

ताईला खोकला लागला तो दिवाळीनंतर. घरात धान उडवण्याचे दिवस, भुसा नाकातोंडात जातोच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग आवाज बसला. मग वजन उतरलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. फिल्म आली तेव्हा मीही गेलो होतो. डॉक्टरांनी ती पेटीवर अडकवली, चष्मा वर-खाली केला, नीट वेळ घेऊन बघितली. त्यांनी घाई केली असं मी कधीच म्हणणार नाही.

"बिल्कुल साफ है, बाई. धूल की खाँसी है. दवा लेते रहो."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. घरी जाताना ताई म्हणाली, "मायी छाती साफ निंगाली म्हनून खूश होऊन रायले का पेटी चांगली दिसली म्हनून?"

भाऊजी ओशाळले. "दोन्ही," म्हणाले.

उन्हाळा संपता संपता तिला नागपूरला न्यावं लागलं. मी शाळेमुळे मागाहून गेलो. तोवर सगळं सांगून झालेलं होतं. फुप्फुसात गाठ, पसरलेली. भाऊजी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, मांडीवर एक्स-रेंची पाकिटं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. ते म्हणाले, "उशीर झाला म्हनते."  मी पुढे विचारलं नाही. आमच्या घराण्यात न विचारणं हाच प्रेमाचा प्रकार आहे.

ताई पोळ्याच्या आधी गेली. शेवटचे काही दिवस ती घरीच होती. तिला दिवा डोळ्यांवर सहन होत नसे, म्हणून भाऊजींनी एका मडक्याला भोकं पाडून आत दिवा ठेवला होता. ती म्हणाली, "आता बरोबर पडून रायला उजेड." हे तिने त्यांना दिलेलं एकुलतं एक प्रमाणपत्र.

दिवसकार्य झाल्यावर भाऊजी पहिल्यांदा गल्लीत गेले ते सरळ डॉक्टरांकडे. "इसमें खराबी है," एवढंच बोलून त्यांनी पेटी भिंतीवरून काढून आणली. डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "मास्टरजी, उनको समझाइए. कभी-कभी दिखता ही नहीं. मशीन का कसूर नहीं है, किसी का नहीं है." मी समजावलं. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "साळेबुवा, ठिपके सारख्या अंतरावर हायेत. मंग उजेड सारखा काऊन नाई?"

मी बी.एस्सी. मी दहा वर्षं प्रकाशाचा धडा शिकवलेला. मला सांगता आलं नाही.

त्यांना ते सापडायला दोन पावसाळे गेले. दुरुस्तीची कामं त्यांनी जवळजवळ सोडलीच. मोबाइल आल्यावर रेडिओ तरी कोण आणणार होतं. दुकानात काचेचे तुकडे साचत गेले. कधी ठिपके मोठे, कधी बारीक, कधी तिरप्या ओळी. दर वेळी खाली लख्ख, वर अंधार. लोक म्हणायला लागले की बायको गेल्यापासून टेकचंदच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही एकदोनदा तसं म्हटलं, पण सुशिक्षित शब्दांत.

मग एका श्रावणात त्यांच्या गावी पाणी सोडायचं होतं म्हणून मी सोबत गेलो. मदत म्हणून नव्हे. मी पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून चपला हातात धरतो. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिच्यातून तिच्या खालच्या, असं पाणी उतरतं. प्रत्येक पाळीला एक तोंड पाडलेलं असतं. भाऊजींचा चुलतभाऊ फावडं घेऊन तोंडं नीट करत होता. वरच्या बांधीचं तोंड त्यानं दगड लावून बोटभर ठेवलं. त्याखालचं वीतभर. शेवटचं, भाऊजींच्या बांधीचं, सताड उघडं.

भाऊजी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वरचं बारीक काऊन ठेवला गा?"

"नाई तं काय?" चुलतभाऊ म्हणाला. "वरची सगळं पिऊन घेईन. तुया बांधीले राहीन काय? आपन टोकाचे मानसं. तुले सांगाव लागते का आता?"

भाऊजी पाळीवरच मटकन बसले. चिखलात. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर ते बोटानं चिखलात ठिपके पाडत होते. एका कडेला दूर-दूर, विरळ. पुढे जरा जवळ. शेवटी अगदी खेटून.

"जवळच्याले कमी द्याव लागते, साळेबुवा," ते म्हणाले. "दूरच्याले जास्त. तवा सारखं होते. मी सगळ्यायले सारखं देत होतो. म्हनून वरच्या कोपऱ्याले काईच नाई पोचलं." मग म्हणाले, "मी टोकाचा मानूस. मले समजाले पायजे होतं."

आणि ते रडायला लागले. ताई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. चुलतभाऊ फावड्यावर हनुवटी टेकवून दुसरीकडे बघत राहिला. मी चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

पण कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. किती विरळ? किती दाट? याचं कोष्टक गोंदियाच्या बाजारात मिळत नाही. ते एक काच करायचे, तिच्यावर पातळ कागद ठेवायचे, कागदावर पेन्सिलीनं चौकोन आखून प्रत्येक चौकोन डोळ्यांनी तोलायचे. कुठला जड, कुठला हलका. मग नवी काच. काचेच्या पाठीमागे पांढरा कागद लावला की वाया जाणारा उजेड परत येतो, हे त्यांना एका लग्नपत्रिकेनं शिकवलं. डोळे लाल व्हायचे. मी म्हणायचो, भाऊजी, आता असल्या पेट्या कंपनीच्या मिळतात, डॉक्टरांना घेऊन देऊ. ते म्हणायचे, "त्यायची पेटी त्यायनं केली. मायी मले कराची हाय." वीज गेली की डॉक्टर अजूनही खिडकीशी जाऊन फिल्म बघत होते. दुसरी पेटी घेतली तर टेकचंदला वाईट वाटेल, म्हणून. एवढं भलं माणूस होतं ते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी भाऊजींचा फोन आला. "साळेबुवा, या. तुमच्यावानी मानूस पायजे."

मी फुगलो. शेवटी शिक्षण कामी येतं, असं बसमध्ये स्वतःला सांगत गेलो.

दुकानात शटर अर्धं ओढलेलं. टेबल झाडून पुसून रिकामं. भिंतीला पेटी टेकवलेली. त्यांनी बटण दाबलं.

मला त्या उजेडाचं वर्णन जमणार नाही. त्यात वर-खाली असं काही नव्हतंच. काच पेटली आहे असंही वाटेना. ढगाळ दिवसाचं आभाळ चौकोनी कापून भिंतीला लावल्यासारखं. मी बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं. बोट सगळीकडे सारखंच काळं दिसत होतं.

"सोमवारी डॉक्टरले नेऊन देतो," भाऊजी म्हणाले. "पन आधी एक काम हाय."

त्यांनी खणातून एक पिवळं पाकीट काढलं. त्यातून फिल्म. कोपऱ्यात ताईचं नाव होतं. तीच फिल्म, धुळीचा खोकला म्हणून साफ ठरलेली.

ती त्यांनी पेटीवर अडकवली आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

"पाहा. नीट पाहा. आन दिसते का सांगा."

"भाऊजी, मला एक्स-रेमधलं काय कळतं?"

"म्हनूनच तं तुमाले बोलावलं."

मी बघितलं. बरगड्या, पिंजऱ्याच्या काड्यांसारख्या. मध्ये हृदयाची सावली. माझ्या ताईची छाती. मला तिथे थांबवेना, पण त्यांनी नीट पाहा म्हटलं होतं. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, खांद्याजवळच्या आडव्या हाडाखाली, तुरीच्या दाण्याएवढा एक धुरकट ठिपका होता. उजव्या बाजूला तसा नव्हता. माझ्यासारख्या अडाण्यालाही तो दिसला.

मी काय विचार केला ते सांगतो. दिसतो म्हटलं तर त्याचा अर्थ असा, की तो त्या दिवशीही फिल्मवर होता. चांगल्या उजेडात दिसला असता. म्हणजे या माणसाच्या पेटीनं त्याच्या बायकोचा आजार झाकला. हे ऐकून हा माणूस कसा जगेल? मला वाटलं, त्यांना हे माहीत नाही आणि ते माझ्या तोंडून कळता कामा नये.

"काही नाही, भाऊजी," मी म्हटलं. "साफ आहे. डॉक्टर बरोबर म्हणत होते. तेव्हा काही नव्हतंच."

 ते वळले. चेहऱ्यावर सुटका असेल म्हणून मी बघितलं. नव्हती.

"नागपूरच्या डॉक्टरनं हेच फिल्म पायलं होतं," ते हळू म्हणाले. "बोट ठेवून दाखवलं मले. इथंसा. सहा महिन्याआदीच होतं म्हने, कसं नाई दिसलं कोनाले?" त्यांनी त्या ठिपक्याकडे न बघताच बोट बरोबर त्याच्यावर ठेवलं. "मी पायलं तं मले दिसनच, मले जागा मायीत हाय. तुमाले मायीत नाई. म्हनून तुमाले बोलावलं."

मी पुन्हा फिल्मकडे बघितलं.

"तुमाले नाई दिसलं. म्हंजे उजेड अजून पोचला नाई."

"पोचला, भाऊजी. दिसला होता मला. शपथेवर सांगतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

ते हसले. मला समजावताना हसायचे तसे. "आता जागा सांगतल्यावर सगळ्यायलेच दिसते, साळेबुवा."

मी शपथा घेतल्या. ताईची घेतली. त्यांनी ऐकून घेतलं, जसं माझं सगळं शहाणपण ते आजवर ऐकून घेत आले होते. मग फिल्म काढून पाकिटात ठेवली, पेटीचे स्क्रू खोलायला लागले आणि म्हणाले, "तुमी जा. गाडी चुकन."

या माणसानं आयुष्यात दोनदा माझं मत खरं मानलं. पहिल्यांदा मी वाईट उजेडाला चांगला म्हटलं, दुसऱ्यांदा चांगल्याला वाईट. दोन्हीदा त्यांचं मन राखलं.

पेटी सोमवारी डॉक्टरांकडे गेली नाही. नंतरच्या कुठल्या सोमवारीही नाही. मी दोन वेळा फोन केला. "कोपऱ्याचं काम चालू हाय," म्हणाले. पावसाळा लागायच्या आत, दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. हृदय, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यांनीच शटर उघडून पाहिलं होतं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच. गाडी मी मुद्दाम चुकवली होती. चहा पिऊन, धीर गोळा करून, पुन्हा एकदा खरं सांगायला गल्लीत परतलो. शटर तसंच अर्धं. वाकून आत बघितलं. भाऊजी टेबलावर ओणवे होते, तापलेली सुई हातात. काच पुढ्यात पेटलेली, आणि ते तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपके पाडत होते. एक पाडायचे, फुंकर मारायचे, मान मागे घेऊन बघायचे, मग त्याच्या शेजारी दुसरा. तिथे आता एकाही ठिपक्याला जागा नव्हती. बाकीचं आभाळ अजून सारखं होतं. तेवढा कोपरा हळूहळू जास्त उजळत, पांढराफटक होत चालला होता. मला ते रस्त्यावरून दिसत होतं. त्यांना वाटत होतं, आता पोचतोय.

मी हाक मारली नाही.